भाऊबीजेला सही हवी आहे

पत्र थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या ताई ४७ वर्षांच्या आहेत, शहरात नोकरी करतात. माहेर गावाकडे. वडील तीन वर्षांपूर्वी गेले, मृत्युपत्र केलेलं नव्हतं. मागे आई, ह्या आणि धाकटा भाऊ. आजोबांपासून चालत आलेली पावणेचार एकर जमीन आणि वडिलांनी स्वतः बांधलेलं घर, एवढी मिळकत. जमीन भाऊ कसतो, आई त्याच्याकडेच असते. गेल्या आठवड्यात भावानं व्हॉट्सअ‍ॅपवर हक्कसोडपत्राचा मसुदा पाठवला. सोबत एक ओळ: ‘ताई, भाऊबीजेला येशीलच, तेव्हा उरकून टाकू.’ मसुद्यात ‘लिहून देणार’ म्हणून ह्यांचं आणि आईचं, दोघींचं नाव आहे. आई फोनवर म्हणाली, ‘त्याला दुखवू नकोस, माझ्यामागे तुझं माहेर म्हणजे तोच.’ नवरा म्हणतो, ‘सही केलीस तर लेकीच्या फीसाठी माझ्या तोंडाकडे बघू नकोस.’ ताई लिहितात: ‘मला जमिनीचा मोह नाही. पण सही करायला हात धजत नाही. सही केली तर घरात भांडण, नाही केली तर माहेर तुटणार. यंदा दिवाळीला जाऊच नये असं वाटू लागलंय. मी लोभी आहे का?’

ताई,

दोन गोष्टी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल. यंदा भाऊबीजेला सही करू नका. आणि माहेरी जा.

तुमच्या पत्रात ह्या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात उभ्या आहेत. सही करायची तर जायचं, करायची नसेल तर घरी बसायचं. ही सांगड तुमच्या भावानंही घातलेली नाही. त्यानं ‘सही नसेल तर येऊ नकोस’ असं कुठे म्हटलंय? ‘येशीलच’ असं म्हटलंय. पुढचं तुम्ही आणि आईनं मिळून धरून घेतलंत.

आधी तारखेचं बघू, कारण निम्मा ताण तिथला आहे. भाऊबीज ही मुदत आली कुठून? वारसानं हक्क सोडायला कायद्यात कसली शेवटची तारीख नसते. महाराष्ट्रात जवळच्या नात्यांत वडिलोपार्जित मिळकतीचं हक्कसोडपत्र केलं तर मुद्रांक शुल्क नाममात्र लागतं, ही सवलत सणापुरती नाही. शिवाय लक्ष्मीपूजन आणि पाडव्याला, जिथे दस्त नोंदतात ते दुय्यम निबंधक कार्यालय बंदच असतं. मग त्या दिवसांत ‘उरकणार’ ते काय? घरात बसून स्टॅम्पपेपरवर सह्या, एवढंच. स्थावर मिळकतीचं हक्कसोडपत्र नोंदणी झाल्याखेरीज लागू होत नाही, नोटरीचा शिक्का त्याला पुरत नाही. म्हणून बऱ्याच जणींना वाटतं, नुसती सही करून ठेवली तर बिघडलं कुठे. बिघडतं. सही झालेला दस्त चार महिन्यांच्या आत नोंदणीला नेता येतो. आणि आज न बोलता सही केलेली बाई पुढच्या महिन्यात ‘आता सही केलीच आहेस, नुसतं ऑफिसात येऊन जा’ ह्याला काय उत्तर देणार? आत्ता नाही म्हणणं जेवढं अवघड आहे, त्याच्या दुप्पट तेव्हा होईल.

ह्यात भावाचा कावा आहे असं मी म्हणत नाही. वर्षातून एकदोनदा बहीण गावी येते, सगळे एका जागी असतात, साक्षीला माणसं मिळतात, म्हणून सणाला कागद काढायची रीत पडून गेली आहे. पण सगळे एका जागी असतात तेव्हाच नाही म्हणणं सर्वांत जड जातं. चुलत्यांसमोर, वहिनीसमोर, ओवाळून झाल्या झाल्या कागद पुढे आला तर कोण म्हणेल, थांब, मला वाचू दे? दिवाळीच्या आधी ह्या सदराकडे अशी पत्रं वाढतात. सगळ्यांत मजकूर वेगळा, घाई तेवढी सारखी.

आता मुख्य गोष्टीकडे येते. तुमच्या पत्रभर एक समजूत पसरलेली आहे: जमीन भावाची आहे आणि तुम्ही ती अडवून बसला आहात. म्हणून सही न करणं तुम्हाला मागणं वाटतं, आणि मागणं म्हटलं की लोभ आलाच. कायद्यात चित्र उलटं आहे. वडील मृत्युपत्र न करता गेले त्याच क्षणी त्यांच्या वाट्याची मिळकत आई, तुम्ही आणि भाऊ ह्या तिघांकडे सारखी आली. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात मुलगा, मुलगी, विधवा आणि मृताची आई हे पहिल्या वर्गाचे वारस आहेत आणि त्यांच्यात लहानमोठं नाही. आजोबांपासूनच्या जमिनीबद्दल ९ सप्टेंबर २००५ ची दुरुस्ती आहे: मुलीलाही मुलासारखाच जन्मापासून हक्क. त्या तारखेला वडील हयात असायलाच हवेत का, ह्यावर बरीच वर्षं घोळ होता. सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात तो मिटवला, तशी गरज नाही. तुमचे वडील तर तीन वर्षांपूर्वीपर्यंत होते. तेव्हा हिशेब कुठल्याही वाटेनं केला तरी तुमच्या घरात तो ढोबळमानानं एक तृतीयांशावर येतो, आईचा एक, तुमचा एक, भावाचा एक. तुम्हाला काहीही मागायचं नाही. तुम्हाला द्यायला सांगितलं जातंय.

(हेच वाचणाऱ्या इतर बहिणींसाठी एक कानगोष्ट. ‘तुझं लग्न १९९४ च्या आधी झालं, तुला हक्क नाही’ असं अजूनही ठासून सांगितलं जातं. महाराष्ट्रानं १९९४ साली मुलींना हक्क देताना २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्यांना वगळलं होतं, त्यातून ही समजूत आली. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीत ती अट नाही. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्तानं किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्यानं वाटणी झालेली असेल तर ती उघडता येत नाही. आणि हे सगळं हिंदू, बौद्ध, जैन, शीख कुटुंबांपुरतं. मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांचे वारसाचे नियम निराळे आहेत.)

द्यायला हरकत नाही, ताई. हक्क सोडलेला मला चालतच नाही असं समजू नका. भाऊ वडिलांच्या आजारपणात रात्री जागला असेल, पावसानं पीक गेलं तेव्हा कर्ज त्याच्याच डोक्यावर बसलं असेल, आईचं औषधपाणी तोच बघत असेल. हे सगळं जमेला धरून एखादी बहीण समजूनउमजून म्हणते की मला नको, तुझं तुला. त्यात काहीच चूक नाही. माझी अट एवढीच की काय सोडतोय हे तिला माहीत हवं आणि सोडू का असं तिला कोणीतरी विचारलेलं हवं. मला वाटतं तुमचा हात तिथेच अडला आहे. मोह नाही हे मी मानते. पण तुम्हाला विचारलं गेलं नाही. फोन नाही, ‘ताई, तुझ्या मनात काय आहे’ नाही, थेट पीडीएफ आली आणि खाली ‘उरकून टाकू’. कुठलंही शहाणं माणूस तिथे थबकेल. लोभाचा ह्याच्याशी संबंध नाही.

आता तो मसुदा पुन्हा उघडा. मी तुमचा मसुदा पाहिलेला नाही, पण हे दस्त ठरावीक साच्यातले असतात, तेव्हा तीन जागा बोट ठेवून वाचा.

पहिली जागा मिळकतीच्या वर्णनाची. गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा दिलेल्या असतील. त्यानंतर एखादी शेपटी आहे का बघा: ‘तसेच याव्यतिरिक्त असलेल्या सर्व स्थावर व जंगम मिळकती’. ही शेपटी असली तर तुम्ही पावणेचार एकरांसोबत घर, बँकेतली ठेव, उद्या कुठे निघालेला जुना प्लॉट, सगळंच सोडून देताय. बहुतेक वेळा ही ओळ कोणी मुद्दाम घालत नाही, जुन्या दस्तावरून उतरून येते. परिणाम मात्र तोच.

दुसरी जागा ‘विनामोबदला’ ह्या शब्दाची, म्हणजे एक पैसाही न घेता सोडलं. आणि तिसरी, शेवटच्या परिच्छेदातली ती ओळ: ‘सदर हक्कसोडपत्र मी माझ्या राजीखुशीने, अक्कलहुशारीने व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून दिले आहे.’ आईचा फोन आठवत ही ओळ वाचा. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र नंतर मन बदललं म्हणून मागे घेता येत नाही. दडपण होतं, फसवणूक झाली, हे दिवाणी न्यायालयात सिद्ध करावं लागतं, तेही ती गोष्ट कळल्यापासून साधारण तीन वर्षांच्या आत. आणि समोरचा वकील उलटतपासणीत हीच ओळ तुमच्यासमोर धरतो. सख्ख्या भावाविरुद्ध पिंजऱ्यात उभं राहायची वेळ येऊ नये असं वाटत असेल तर खरी काळजी सहीच्या आधी घ्यायची असते.

तुमच्या पत्रात एक गोष्ट जाता जाता आली आहे आणि मला ती तुमच्या हिश्श्यापेक्षा मोठी वाटते. लिहून देणार म्हणून आईचंही नाव आहे. तुमच्याकडे नोकरी आहे, घर आहे. आईकडे काय आहे? ह्या कागदानंतर तिच्या नावावर ना जमीन उरते ना राहतं घर. मुलगा चांगला आहे, असेलच. पण तिच्या वयाच्या बाईनं सगळं कागदोपत्री सोडून मुलाच्या मर्जीवर राहावं ह्याला चांगल्या मुलानंही हो म्हणू नये. आईचा हिस्सा तिच्याच नावावर राहू द्या. आणि तिला काही करून द्यायचंच असेल, तर मुलगा तिचा सांभाळ करील, तिच्या गरजा भागवील, ही अट दस्तातच लिहून घ्या. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७ चा कायदा आहे. त्याच्या कलम २३ प्रमाणे अशी अट घालून दिलेली मिळकत, अट मोडली तर, न्यायाधिकरण परत फिरवू शकतं. अट लिहिलेलीच नसेल तर सगळी वाट चढणीची होते. भावाशी बोलताना सुरुवात इथून करा असं मी सुचवीन. आईच्या सुरक्षिततेबद्दल बोललेलं त्याला हिश्श्याचं बोलणं वाटणार नाही, आणि त्याच्या उत्तरातून तुम्हाला पुष्कळ कळेल.

भावाला विचारायचा प्रश्न एकच: आत्ताच का? तीन वर्षं गेली, मग ह्याच दिवाळीत काय निघालं? कारण कळलं की उपाय बदलतो. पीककर्जासाठी किंवा ठिबकच्या अनुदानासाठी सगळ्या खातेदारांच्या सह्या लागतात आणि दरवेळी तुम्हाला शोधावं लागतं म्हणून तो वैतागला असेल, तर संमतीपत्र द्या. त्यासाठी मालकी सोडायची गरज नाही. तुमच्या नवऱ्यानं उद्या तुमचा हिस्सा तिऱ्हाइताला विकला तर, ही भीती असेल (आणि तुमचा नवरा जे बोलतो ते गावी पोचलं असेल तर ती अगदीच अनाठायी नाही), तर त्याला सांगा की विकायची वेळ आलीच तर पहिला हक्क सहवारसाचा असतो, उत्तराधिकार कायद्याच्या कलम २२ मध्येच ते आहे. हवं तर लिहूनही द्या. त्याला घर वाढवायचंय, नवं बांधायचंय आणि कोणाच्या नावच्या जागेत पैसा घालतोय ही धास्ती असेल, तर घरापुरतं वेगळं बोलता येईल. आणि कारण काहीच नसेल, वकील म्हणाले म्हणून, चुलते म्हणाले म्हणून, असं असेल, तर मग थांबायला त्याचीही हरकत नसावी.

वाटा काय काय आहेत ते सांगते, पण सगळ्या सारख्या मानू नका. सगळं सोडणं ही एक. काही सोडणं ही दुसरी आणि ती लोकांना सुचतच नाही. जमीन तो कसतो म्हणून जमिनीतला हिस्सा सोडा आणि घरातला ठेवा, किंवा उलट, किंवा हिश्श्यातला निम्मा सोडा. हक्कसोडपत्र सगळ्याचंच करावं लागतं असा काही नियम नाही. मोबदला घेऊन सोडणं ही तिसरी. तुमच्या लेकीच्या शिक्षणाची नड खरी असेल तर ह्यात लाजण्यासारखं काय आहे, दोन-तीन वर्षांत हप्त्यानं द्यायचं ठरवता येतं. तिघांत वाटणी ही चौथी. संमती असेल तर जमिनीचं वाटप तहसीलदाराकडे अर्ज करून महसूल संहितेच्या कलम ८५ खाली होतं. पण पावणेचार एकरांचे तीन तुकडे, विहीर एक, वाट एक. तुम्ही स्वतः कसणार नसाल तर मी हिच्या नादी लागणार नाही.

पाचवी वाट म्हणजे काहीच न करणं आणि तुमच्यासाठी मला सध्या तीच बरी दिसते. सातबाऱ्यावर तिघांची नावं, कसणं भावाकडे, उत्पन्न त्याचं आणि आईचं. तुम्ही उत्पन्नातलं मागत नाही, हे त्याला मोकळेपणानं सांगून टाका. सामाईकात जमीन ठेवणं हे काही भांडणाचं लक्षण नाही, निम्म्या महाराष्ट्राची शेती तशीच चालली आहे. वर्ष-दोन वर्षांनी तुमच्या मनानं कौल दिला तर सोडा, कोण अडवतंय?

नवऱ्याबद्दल थोडंसंच लिहिते. लेकीची फी ही तुम्हा दोघांची जबाबदारी आहे. ती माहेरच्या सातबाऱ्यावर टांगून ठेवायचं कारण नाही. वारसानं आलेला हिस्सा तुमचा स्वतःचा, त्याचं काय करायचं हे ठरवताना त्यांचं मत ऐका, पण निर्णय त्यांच्या हातात देऊ नका. भावाच्या दबावाला नाही म्हणायचं आणि नवऱ्याच्या दबावाला हो, तर मग सुटका कुठली झाली? आणि ह्या दिवाळीत हा विषय काढायचा तर तुम्ही आणि भाऊ, दोघंच. जावयाला मध्ये घेऊ नका.

सुट्टीत कचेऱ्या बंद असल्या तरी घरबसल्या होण्यासारखं बरंच आहे. जायच्या आधी महाभूमीच्या, म्हणजे सरकारच्या जमीन-नोंदींच्या, संकेतस्थळावरून गटाचा डिजिटल सहीचा सातबारा काढा, पंधरा रुपये लागतात. ८अ चा, म्हणजे एका खातेदाराच्या सगळ्या जमिनींचा, उताराही काढा. वडिलांच्या वारसाची नोंद झाली आहे का, कोणत्या फेरफारानं (म्हणजे नावबदलाच्या नोंदीनं), आणि त्यात तुमचं नाव कुठे आहे ते बघा. भोगवटादाराच्या, म्हणजे जमीन धारण करणाऱ्याच्या, रकान्यात आहे, की ‘इतर हक्क’ मध्ये ढकललं आहे, की नाहीच? बहिणींची नावं इतर हक्कात टाकायची किंवा तलाठ्यासमोर ‘आम्हाला हिस्सा नको’ असा जबाब घेऊन वगळायची पद्धत गावोगाव चालत आलेली आहे. असल्या जबाबानं मालकी जात नाही. फेरफार हा महसुलाच्या कामासाठीचा कागद आहे, त्यानं हक्क येत नाही आणि संपतही नाही. पण बँक, खरेदीदार, सगळे त्याच्याकडेच बघतात, म्हणून नाव नसेल तर दिवाळीनंतर वारस नोंदीसाठी अर्ज करा. ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या जुन्या तलाठ्याकडेच. घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८ काढून ठेवा. तो मालकीचा पुरावा नाही, पण घर कोणाच्या नावावर लागलंय ते त्यात दिसतं.

मग मसुदा एका वकिलाला दाखवा, भावाच्या नव्हे, तुमच्या. पैशांचा प्रश्न असेल किंवा ओळखीतला वकील नको असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तिथे मोफत सल्ला आणि वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तालुक्यालाही समिती असते. फोन १५१००. पगार चांगला आहे म्हणून संकोचू नका, कायद्यानंच तो हक्क दिला आहे.

भावाला आजच फोन करा. प्रवासाला निघायच्या आदल्या रात्री नको आणि गावी पोचल्यावर सगळ्यांसमोर तर नकोच. फोनवर बोलणं होणार नसेल तर असं काहीतरी लिहा, तुमच्या भाषेत: ‘मसुदा मिळाला, वाचला. घाईत सही करणार नाही, पण भाऊबीजेला येतेच आहे. कागदाचं दिवाळी झाल्यावर निवांत बोलू, तुला कशासाठी हवाय ते मला नीट समजून घ्यायचंय. आईच्या नावचं आत्ता काही करू नकोस.’ एवढंच. कारणं देत बसू नका, नवऱ्याला पुढे करू नका. ‘ह्यांना पटत नाही’ म्हणून सुटका करून घेतलीत तर भाऊ दाजींवर राग धरील आणि तुमचं म्हणणं काय होतं ते कोणालाच कळणार नाही.

तो रागावेल का? रागावेलही. जेवताना बोलणार नाही, ओवाळणी मुकाट्यानं टाकील. आई डोळे पुसेल. हे होणारच नाही असं मी तुम्हाला सांगत नाही. पण आईच्या त्या वाक्याचा जरा विचार करा. तुमचं माहेर जर एका सहीवर टिकणार असेल तर सही केल्यावर ते टिकवायला पुढच्या वर्षी काय द्यावं लागेल? आणि सहीवाचून टिकणार असेल, तर एक दिवाळी थोडी अवघडलेली गेली म्हणून काय झालं. माझा अंदाज विचाराल तर धाकटे भाऊ बहिणीवर फार काळ रुसत नाहीत. आणि रुसलाच, तर त्याला भेटायला तुमच्याकडे मकर संक्रांत आहे, आईचा वाढदिवस आहे, लेकीच्या शाळेची मे महिन्याची सुट्टी आहे.

ह्याच दिवसांत दुसऱ्या कसल्या कागदानं झोप उडालेल्या वाचकांसाठी चार ओळी. कोर्टाला दिवाळीची सुट्टी असते, पण तुमच्या हातात पडलेल्या नोटिशीचे दिवस सुट्टीतही मोजले जातात. चेक न वटल्याची नोटीस मिळाल्यापासून पैसे भरायला पंधरा दिवस. दिवाणी दाव्याचं समन्स मिळालं तर कैफियत, म्हणजे तुमचं लेखी उत्तर, तीस दिवसांत, न्यायालयानं वाढवून दिलं तर नव्वदपर्यंत. फेरफाराची नोटीस आली तर हरकतीला पंधरा दिवस. शेवटचा दिवसच सुट्टीत आला तर बहुधा उघडल्या दिवशी दाखल करता येतं, पण त्या भरवशावर राहून फराळ करत बसू नका. नोटीस मिळाल्याची तारीख पाकिटावर लिहा, पाकीट फेकू नका, आणि वकिलांना निदान फोटो पाठवून ठेवा. ‘सणासुदीचं घरात नको’ म्हणून पोस्टमनला परत पाठवलेलं रजिस्टर कायद्याच्या नजरेत पोचलेलंच धरलं जातं. विभक्त राहणाऱ्या आईबापांनी मुलांच्या दिवाळीच्या भेटीचं वेळापत्रक कोर्ट बंद व्हायच्या आधी लेखी ठरवून घ्यावं. सुट्टीत तातडीच्या कामाला न्यायाधीश असतात, पण मूल पाडव्याला कोणाकडे जेवणार हे त्यांच्यापुढे नेण्याची वेळ कशाला आणायची?

आणि ताई, हे सगळं करूनही उद्या तुम्ही ठरवलंत की सोडायचंय, तर तेही व्यवस्थित करा. सण सोडून एखाद्या साध्या कामाच्या दिवशी, दस्तातली शेपटी काढून, आईचं नाव वगळून किंवा तिच्यासाठी अट घालून. दुय्यम निबंधकाकडे फोटो आणि अंगठा होण्याआधी छापलेला दस्त पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत स्वतः वाचा, तिथला माणूस कितीही ‘मॅडम, नेहमीचाच आहे’ म्हणाला तरी. आधार कार्ड आणि ओळखीसाठी दोन साक्षीदार लागतील, त्यातला एक तुमच्या बाजूचा न्या. बाहेर पडताना नोंदणीची पावती घ्या आणि नंतर सूची क्रमांक दोन (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) आणि दस्ताची प्रत मागून स्वतःच्या कपाटात ठेवा, भावाच्या फायलीत नको.